डबा फोडू नका

पत्र:

गेली आठ वर्षं मी जुने व्यवसाय-परवाने, कामगारांचे बिल्ले आणि स्थलांतरितांची ओळखपत्रं जमवतो. मागच्या महिन्यात एका ऑनलाइन लिलावात तंबाखूचा एक पत्र्याचा डबा घेतला. आत इलिनॉय राज्याचा 1938 सालचा शोफरचा बिल्ला, त्याच क्रमांकाचा घडीचा परवाना, अमेरिकेतलं परकीय नागरिकांच्या नोंदणीचं कार्ड, दोन फोटो आणि बहुधा ग्रीक लिपीतलं एक पत्र आहे. कागदांवरचं नाव एकच आहे. आता एक ओळखीचा संग्राहक नुसता बिल्ला मागतोय आणि अख्ख्या डब्याला पडले त्याहून जास्त पैसे देतोय. विकू का? कार्डाच्या कडा फाटल्या आहेत, लॅमिनेट करावं म्हणतो. हे सगळं अस्सल आहे हे कसं ओळखायचं? आणि शेवटचं म्हणजे, माझी मुलगी डबा बघून म्हणाली, 'बाबा, हे कुणाच्या तरी आजोबांचं आहे. तुमच्याकडे काय करतंय?' मला उत्तर सुचलं नाही.
— डब्याचा धनी

उत्तर:

प्रिय धनी,

मुलीच्या प्रश्नाची गाठ तुम्ही केलेल्या सहीशीच आहे. पण तिकडे सावकाश येऊ. आधी बिल्ला, कारण गिऱ्हाईक दारात उभं आहे.

बिल्ला सुटा विकू नका.

तो हातात घ्या आणि उजेडात धरा. राज्याचं नाव, साल, शोफर हा शब्द आणि एक क्रमांक. बस्स. माणसाचं नाव कुठेच नाही. हे बिल्ले असेच असायचे. पगारावर गाडी चालवणाऱ्यानं तो टोपीला किंवा कोटाला लावायचा, पोलिसानं लांबून बघायचा, साल उलटलं की नवा घ्यायचा. नाव असतं ते परवान्याच्या कागदावर. तुमच्या डब्यात कागदही आहे आणि दोघांचा क्रमांक एक आहे, हीच त्या डब्याची खरी किंमत. बिल्ला तिकडे गेला की तिथे तो 1938 चा आणखी एक बिल्ला होईल, 1937 आणि 1939 च्या मधल्या रिकाम्या जागेत बसेल. तुमच्याकडे राहील तो अर्धा कागद. दोन्हीकडे माणूस हरवला.

हे मी उगाच भावनेच्या भरात म्हणत नाही. नाव आणि क्रमांक यांची ताटातूट झाली की काय होतं, ते बघायचं तर दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहराचे बिल्ले बघा. गुलामाला दुसऱ्याकडे कामाला लावून त्याची मजुरी आपण घ्यायची, असा तिथल्या मालकांचा रिवाज होता, आणि त्यासाठी नगरपालिकेकडून दरवर्षी तांब्याचा बिल्ला विकत घ्यावा लागे. 1800 पासून यादवी युद्ध संपेपर्यंतचे असे बिल्ले आज सापडतात. हमाल, घरगडी, कोळी, कारागीर, फळविक्या असा धंदा, साल आणि क्रमांक. नाव नाही. परवाना म्हणायचा तो मालकाचा, अंगावर वागवायचा गुलामानं. आज क्रमांकावरून त्या माणसापर्यंत पोचायची वाट जवळजवळ बंद आहे. अशा बिल्ल्यासमोर बसून तुम्ही फक्त धंदा वाचू शकता. तुमच्या डब्यात मात्र वाट उघडी आहे, आणि ती तुम्ही पैसे घेऊन बुजवायला निघाला आहात.

संग्राहकांच्या जगात याला 'लॉट फोडणं' म्हणतात. सगळेच फोडतात. व्यापारी तर फोडतातच, कारण पाच सुट्या वस्तूंचे पाच गिऱ्हाईक मिळतात. मला व्यापाऱ्याचा राग येत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. तुमचं नाही. आठ वर्षं हा छंद करताय तर एवढी मिजास तुम्हाला परवडायला हवी.

आता लॅमिनेशन. नको म्हणजे नको.

हा उद्योग मी स्वतः करून बसलो आहे. माझ्याकडे इंग्लंडमधला एका फेरीवाल्याचा जुना दाखला होता. तिथे 1871 च्या पेडलर्स कायद्यानुसार पायी माल विकत फिरणाऱ्याला पोलिसांकडून असा दाखला घ्यावा लागतो, आजही लागतो. माझा कागद चौघडी घालून खिशात बाळगलेला, घड्यांवर झिजलेला. मी उत्साहानं एका झेरॉक्सच्या दुकानात नेला. पाच मिनिटांत तो गरम प्लास्टिकमधून चकचकीत होऊन बाहेर आला. मधल्या घडीवर हवेचा एक फुगा तेवढा राहिला होता. दोन वर्षांनी त्या फुग्याच्या जागी कागद आतल्या आत उकलला. समोर दिसतो, बोट लावता येत नाही. काचेच्या बरणीत विंचू ठेवावा तसा तो आता माझ्याकडे आहे.

मोठमोठ्या अभिलेखागारांनीही हीच चूक केलीय, हे ऐकून मला जरा हायसं वाटलं होतं. विल्यम बॅरो नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1930 च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यात कागद दाबून बसवायची पद्धत चालवली. पुढची कित्येक दशकं ती चांगली म्हणूनच वापरली गेली, आणि आता तो ॲसिटेटच बिघडतोय म्हणून लोक कागद त्यातून सोडवत बसले आहेत.

तुम्ही एवढंच करा. कार्डाला पॉलिएस्टरचं स्वच्छ पाकीट घ्या, दोन बाजूंनी उघडं असलेलं. पीव्हीसीचं नको, ते चिकट होतं आणि शाई उचलतं. घडीच्या परवान्याची घडी एकदा हळूच उलगडली की पुन्हा घालू नका. पत्राला स्टेपल किंवा टाचणी असेल आणि ती गंजलेली नसेल तर काढा. गंजून कागदात रुतली असेल तर हात लावू नका, जाणत्याकडे न्या. सेलोटेप घरात शोधूसुद्धा नका. बिल्ला वेगळ्या डबीत ठेवा. याला मी डबा फोडणं म्हणत नाही, एका घरातल्या दोन खोल्या म्हणतो. धातूवरचा गंज आणि आम्लाचा कागद एकमेकांना धड राहू देत नाहीत. पुढेमागे सेल्युलॉइडचं आवरण असलेले फोटोचे बिल्ले मिळाले (कारखान्यांत कामगाराचा फोटो घातलेले असे बिल्ले फार होते) तर ते कागदांपासून आणखी लांब ठेवा, सेल्युलॉइड कुजताना जी वाफ सोडतं ती शेजारच्या वस्तू खाते. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं 'डबा क्र. 1' असं लिहा, आणि तंबाखूचा डबा फेकू नका. तो रिकामा का होईना, त्यांच्यातलाच आहे.

अस्सलपणाची परीक्षा करायला तुम्हाला दोन वस्तू लागतील, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि यूव्ही टॉर्च. आधी टॉर्च. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळ करणारी रसायनं घालायची पद्धत साधारण 1950 च्या सुमारास सुरू झाली. अंधारात टॉर्चखाली 1938 चा परवाना निळापांढरा चमकला तर समजा, काहीतरी गडबड आहे. मळकट, मंद दिसला तर ठीक. पण जुना कोरा कागद मिळवून त्यावर छापणारे महाभाग असतातच, म्हणून चमकला नाही एवढ्यावर खूश होऊ नका.

मग भिंग घ्या आणि घडीपाशी जा. माझी सगळ्यात आवडती जागा. कागद आधी लिहिला गेला आणि मग वर्षानुवर्षं दुमडला गेला, तर घडीवर शाईची रेघ तुटलेली दिसते, कागदाच्या तंतूंबरोबर शाईही झडलेली असते. उलट आधी घडी आणि मग लिखाण असेल तर तुटलेल्या तंतूंत शाई शिरते, रेघ तिथे किंचित पसरते, केस उभे राहिल्यासारखी. जुन्या रिकाम्या नमुन्यावर कालपरवा नाव घातलं असेल तर ते इथे सापडतं. फोटो चिकटवलेलं एखादं कागदपत्र पुढे मिळालं तर शिक्का बघा: उठावाचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर असेल तर रेघा जुळतात का? मागून बोट फिरवलं तर उठाव सलग लागतो का? फोटो बदलणाऱ्याला हा जोड साधत नाही.

बिल्ल्याची कडा आणि अक्षरं बघा. साच्यानं ठोकलेल्या बिल्ल्याची अक्षरं धारदार असतात; ओतीव नकलेची बोथट, पृष्ठभागावर बारीक खळगे. शोफरचे बिल्ले हजारोंनी निघाले, त्यामुळे त्यांची नक्कल करण्यात कुणाला फारसा रस नाही. चार्ल्स्टनच्या बिल्ल्यांचं उलटं आहे, तिथे नकलांचा सुळसुळाट आहे. पुढे कधी मोह झाला तर माझी आठवण काढा आणि हात खिशातच ठेवा.

आता लेकीचा प्रश्न. तो मला तुमच्या बाकी तिन्ही प्रश्नांपेक्षा मोठा वाटला.

तुमचं ते कार्ड कुणी हौसेनं काढलेलं नाही. अमेरिकेनं 1940 साली कायदा करून देशातल्या 14 वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक परकीय नागरिकाला नोंदणी करायला लावली. युरोपात युद्ध पेटलेलं, संशयाचं वातावरण. ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत लोक टपाल कचेऱ्यांत जाऊन फॉर्म भरत होते, बोटांचे ठसे देत होते. कोणत्या जहाजानं आलात, काय काम करता, कोणकोणत्या संस्थांचे सभासद आहात, सगळं विचारलं जाई. जवळपास 50 लाख लोकांची नोंद झाली. तुमचा शोफर त्यातला एक. दोन वर्षांपूर्वीच ज्या देशातल्या एका राज्यानं त्याच्या छातीवर बिल्ला लावून 'हा गाडी चालवायला लायक आहे' म्हटलं होतं, त्याच देशानं आता त्याची बोटं शाईत बुडवली. दोन्ही कागद त्यानं एकाच डब्यात ठेवले. मला वाटतं, तो डबा खरेदी करताना तुम्हाला हेच आवडलं असणार, भले तेव्हा शब्दांत सांगता आलं नसेल.

परवाना आणि ओळखपत्र हे दोन वेगळे छंद आहेत असं समजणाऱ्यांची मला गंमत वाटते. फ्रान्समध्ये 1803 पासून कामगाराला एक वही बाळगावी लागे, तिच्यात मालकाच्या नोंदी. वही जवळ नसलेला कामगार भटक्या ठरायचा, थेट अटक. 1890 मध्ये ती रद्द झाली. पुढे 1912 साली तिथेच फिरत्या लोकांसाठी नवा कायदा आला. भटक्या म्हणून ज्यांची गणना झाली त्यांना, वय 13 च्या वरच्या पोरांनासुद्धा, शरीराची मापं, फोटो आणि बोटांचे ठसे असलेली वही घ्यावी लागली, आणि प्रत्येक गावात येताना-जाताना त्यात शिक्का. हे 1969 पर्यंत चाललं. आता सांगा, ही वही धंद्याची की ओळखीची?

दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालची गोष्ट तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात 16 ऑगस्ट 1908 ला तीन पायांच्या मोठ्या लोखंडी कढईत रॉकेल ओतून तिथल्या भारतीयांचे दोन हजारांवर नोंदणीचे दाखले जाळले गेले, गांधीजी समोर उभे होते. ते दाखले म्हणजे आज आपण लिलावात 'दुर्मीळ, स्थिती उत्तम' म्हणून बघतो त्याच जातीचे कागद. संग्राहक म्हणून ती कढई आठवली की माझ्या पोटात कालवतं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटते. ज्यांच्या नावचे कागद होते त्यांना ते नको होते.

सगळ्यांची तीच भावना होती असं मात्र नाही. कॅनडात येणाऱ्या चिनी माणसाकडून 1885 पासून डोईपट्टी घेत. 50 डॉलरवरून ती 1903 मध्ये 500 डॉलरवर गेली. भरल्याचा दाखला मिळे, पुढच्या काळातल्या दाखल्यावर फोटोही. तो कागद अपमानाचा खराच, पण घराघरांत पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला, कारण त्याच्याशिवाय तुम्ही कुणीच नव्हता. सरकारनं 2006 साली माफी मागितली आणि हयात असलेल्या करदात्यांना किंवा त्यांच्या मागे राहिलेल्या जोडीदारांना 20,000 डॉलर दिले. 2023 मध्ये व्हँकूवरला चिनी-कॅनेडियन लोकांचं संग्रहालय उघडलं तेव्हा पहिल्या प्रदर्शनांपैकी एक अशा दाखल्यांचंच होतं, आणि त्यातले कितीतरी घरच्यांनी आपल्या पेट्यांमधून काढून दिलेले. एकाला जो कागद जाळावासा वाटला तो दुसऱ्याच्या नातवंडाला काचेखाली बघावासा वाटतो. तुमच्या शोफरच्या नातवंडांना काय वाटेल ते तुम्ही घरबसल्या ठरवू शकत नाही. म्हणून त्यांना शोधा.

शोधायला तुमच्याकडे बरंच आहे. अमेरिकेच्या 1950 च्या जनगणनेच्या याद्या 72 वर्षांची मुदत संपल्यावर एप्रिल 2022 मध्ये खुल्या झाल्या, नावानं शोधता येतात, फुकट. त्यात घरातली माणसं, वयं, जन्माचा देश आणि धंदा मिळतो. परवान्यावरचा पत्ता तिथे जुळला तर निम्मं काम झालं. कार्डावरचा नोंदणी क्रमांक आणखी कामाचा आहे. 1940 मध्ये भरलेल्या फॉर्मची प्रत अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या वंशावळ विभागाकडून फी भरून मागवता येते. पुढे त्याच्या नावची फाइल उघडली गेली असेल तर ती राष्ट्रीय अभिलेखागारातही असू शकते, जन्माला 100 वर्षं झाली की या फाइली तिकडे जातात. 1938 मध्ये गाडी चालवणारा माणूस त्या हिशेबात आरामात बसतो.

नातेवाईक सापडले तर एक पथ्य पाळा. पहिल्याच पत्रात सगळं ओतू नका. स्थलांतरितांच्या घरात नावांच्या भानगडी असतात. सॅन फ्रान्सिस्कोत 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत जन्माच्या नोंदी जळाल्या आणि कित्येक चिनी तरुण कागदोपत्री दुसऱ्याचे मुलगे होऊन अमेरिकेत शिरले. त्यांच्या पोरांना खरं आडनाव म्हातारपणी कळलं, काहींना कळलंच नाही. तुमच्या माणसाचंही असं काही असेल असं मी म्हणत नाही. पण कार्डावरचं नाव आणि घरातलं नाव वेगळं निघालं तर ते त्यांना एका अनोळखी माणसाच्या ईमेलमधून कळू नये. आधी एवढंच लिहा: अमुक गावच्या अमुक शोफरचा परवाना माझ्याकडे आहे, तुमच्या घराण्याशी संबंध आहे का, बघायला आवडेल का. उत्तर आलं नाही तर महिनाभरानं एकदा आठवण करा, मग सोडून द्या. 'नको' म्हणाले तर तेही उत्तरच आहे. आणि हो म्हणाले तर? आधी स्वच्छ स्कॅन पाठवा, दोन्ही बाजू, फोटोंच्या मागचं लिखाणसुद्धा. मग मूळ वस्तूंचं बोला. मी असतो तर पडले तेवढेच पैसे घेतले असते, किंवा घेतलेही नसते, पण तो तुमचा खिसा. फक्त द्याल तर अख्खा डबा द्या.

तोवर कार्ड आणि परवाना नाव-पत्त्यासकट इंटरनेटवर टाकू नका. पुढे कुणाचा अमेरिकन नागरिकत्वाचा दाखला हाती आला तर आणखी जपून, त्यावर परवानगीशिवाय नक्कल करू नये अशी ताकीद छापलेलीच असते.

मुलीला मात्र आजच उत्तर द्या. सांगा की हो, कुणाच्या तरी आजोबांचं आहे, आणि ते कुणाचे ते शोधायला तू मला मदत कर. जनगणनेच्या याद्या चाळण्यात तिचे डोळे तुमच्यापेक्षा बरे चालतील. सहीतला 'धनी' शब्द बदलायचा की नाही ते दोघं मिळून ठरवा. मी आपला 'राखणदार' लिहितो, पण माझ्या बायकोच्या मते तो ढोंगीपणा आहे, कारण कपाटाची किल्ली माझ्याच गळ्यात असते.

आणि सगळ्यात आधी ते ग्रीक पत्र वाचून घ्या. भाषा जाणणारं कुणीतरी गाठा, भाषांतराच्या ॲपवर हातानं लिहिलेलं जुनं अक्षर सोपवू नका. ते कुणी लिहिलंय, गावाचं नाव काय, आणि वर 'प्रिय भाऊ' आहे की 'प्रिय बाबा', एवढं कळलं तरी पुढचा शोध निम्म्यावर येईल.

त्या संग्राहकाला बिल्ल्याचे दोन फोटो पाठवा, पुढून आणि मागून. मागची पिन मूळचीच आहे का, हे तो विचारेलच. त्याला सांगा की आहे, आणि ती तिथेच राहणार आहे.